छपराची दोरी

एल्स्पेथने कप बशीत ठेवला आणि खुर्ची खिडकीकडे वीतभर आणखी ओढली. कुंपणापलीकडे, उताराच्या माथ्यावर नायरी शिडीवर चढून बांबूच्या टोकाला नारिंगी दोरी बांधत होती. कोपऱ्यांचे बांबू सकाळीच उभे राहिले होते. मधला, सगळ्यांत उंच, आता उभा राहिला होता. समुद्रावरून वारा येत होता आणि बांबू वाकून पुन्हा सरळ होत होते. नायरीने गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली आणि दोरीचं दुसरं टोक धरून ती खाली उतरली. दोरी ताणली गेली तशी एल्स्पेथच्या खिडकीत एक रेघ उमटली.

रेघेच्या वर आभाळ होतं. खाली जे होतं ते सगळं उद्या नायरीच्या नव्या घराच्या छपराआड जाणार होतं: नदीचं मुख, मुखाशी साचलेला वाळूचा दांडा आणि त्याच्यावर येऊन फुटणारी पांढरी लाट.

"बघितलंस?" ती म्हणाली. "मी म्हणतच होते."

गॅविन, तिचा मुलगा, उभ्या उभ्या चीज रोल खात होता. आज वारा जास्त म्हणून त्याने नाव काढली नव्हती. तोंडातला घास संपवून तो म्हणाला, "आई, तू बघत बसतेस म्हणून काही दांडा मला वाट देत नाही."

"देत नाही हे तुला कुणी सांगितलं?"

गॅविन हसला आणि त्याने दुसरा रोल उचलला.

रोज पहाटे तो दांडा ओलांडून मासेमारीला समुद्रात जायचा आणि दुपारनंतर परत यायचा. जायला त्रास नसे. परत येताना लाट पाठीमागून उचलते, आणि नाव आडवी झाली की संपलं. एल्स्पेथच्या सासूने याच खिडकीतून बघितलं होतं, नंतर एल्स्पेथने नवऱ्याची नाव बघितली, आता मुलाची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला उभं राहवत नसे, म्हणून खुर्ची आली. नाव आत आली की ती तोंडातल्या तोंडात "आणलंस" म्हणायची आणि कामाला लागायची. हा तिचा नेम होता. तो मोडला तर काही विपरीत घडेल असं ती मानत नव्हती. पण तिने तो मोडलाही नव्हता.

नायरी पहिल्यांदा आली तेव्हा काखेत नकाशांची गुंडाळी होती. गमबूट बाहेर काढून, मोज्यांनीच स्वयंपाकघरात येऊन तिने नकाशा टेबलावर पसरला होता आणि आढेवेढे न घेता सांगितलं होतं. जमीन नवरा, टॅम, धडधाकट होता तेव्हा घेतलेली. सगळा उतार, खाली तर पाणथळ. सपाट अशी एकच पट्टी, गल्ली जिथे संपते तिथे, एल्स्पेथच्या कुंपणाला लागून. घर तिथे बांधायचं तर कुंपणापासून जेवढं अंतर सोडायला हवं तेवढं सुटत नाही आणि छप्परही नियमापेक्षा वर जातं. कौन्सिलचं म्हणणं, शेजारणीने सही दिली तर आम्ही लगेच मंजूर करू. नाही दिली तर जाहीर नोटीस, सुनावणी, तज्ज्ञांचे अहवाल. मग वर्ष जाईल, जास्तही जाईल.

"खाली बांध की," एल्स्पेथ म्हणाली होती. "खाली ढीगभर जागा पडली आहे."

"खाली बांधलं तर दारापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. टॅमला आता एकही पायरी चालत नाही."

टॅम इन्व्हरकार्गिलच्या शुश्रूषागृहात होता. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती.

"डॉक्टर काय म्हणतात? किती दिवस काढेल?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि एल्स्पेथला आपलाच राग आला. पण नायरीने नुसती नकाशाची कड बोटाने सपाट केली. "ते काही सांगत नाहीत. टॅमचे शब्द गेलेत सगळे. एक तेवढा राहिलाय, 'घर'. मी गेले की तो म्हणतो, मी निघाले की म्हणतो."

एल्स्पेथने उठून किटली ठेवली होती. पाठमोरीच म्हणाली होती, "कागदावरचं मला कळत नाही. किती उंच ते आधी जागेवर दाखव."

सही द्यायची नाही हे तिचं तेव्हाच ठरलं होतं. उगाच तोंडावर कशाला म्हणायचं, एवढंच.

पण त्यानंतर खिडकीतून दांडा बघता बघता तिची नजर अलीकडे अडखळू लागली. नायरी रोज यायची. उतारभर गॉर्सचं काटेरी रान माजलं होतं, पुरुषभर उंच. ती ते एका कडेने कापत गेली. जाळलं नाही, की ओढ्यात ढकललं नाही. मुळं खणून काढली आणि वाळायला पसरली. वरची काळी माती खरवडून वेगळा ढीग केला आणि पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्यावर जुना गालिचा अंथरला. सपाट पट्टीच्या कडेला पाणी पाझरतंय हे कळल्यावर तिने हाताने चर खणला, नळी टाकली, वर खडी भरली, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडल्यावर उकिडवी बसून ती नळीच्या तोंडाकडे बघत राहिली. पाणी स्वच्छ आलं तेव्हा तिने फक्त हात पुसले. दुपारी उलट्या बादलीवर बसून डबा खायची, पाठ वाऱ्याकडे. एकदाही तिने वर खिडकीकडे बघून हात केला नाही, की केविलवाणं तोंड केलं नाही. सही मिळेलच असं धरून चालणारी बाई अशी राबत नाही, मिळणार नाही असं धरणारीही नाही. एल्स्पेथला हे कोडं सुटेना. सकाळी तिचा डोक्याचा लाल रुमाल दिसायला उशीर झाला की मात्र ती घड्याळ बघायची.

आता दोरी बांधून नायरी वर आली होती. दारात गमबूट काढताना म्हणाली, "दिसलं?"

"दिसलं ना. माझा दांडा गेला."

"मी बसून बघू?"

ती एल्स्पेथच्या खुर्चीत बसली, पाठ टेकून, एल्स्पेथ बसते तशी. बाहेर दांड्यावर लाटा फुटत होत्या.

"तुम्ही इथूनच बघता? बसून?"

"उभं राहवत नाही मला."

नायरीने मान हलवली, गॅविनला "येते" म्हणाली आणि गेली. एल्स्पेथने रडणं गृहीत धरलं होतं, भांडण गृहीत धरलं होतं. दोन्हीला उत्तरं तयार होती. ती सगळी तशीच राहिली.

"विचित्रच बाई आहे," ती म्हणाली.

"तुझ्यासारखीच," गॅविन म्हणाला.

त्यानंतरचे काही दिवस नायरी फिरकली नाही. आली ती नवा नकाशा घेऊनच, आणि लगेच शिडीवर चढली. मधला उंच बांबू तिने काढून टाकला. एल्स्पेथने खिडकी उघडली.

"काय गं, मोडलास?"

"छपराची चढण काढून टाकली," खालून आवाज आला. "आता एकाच बाजूला उतरतं. वरची खोली गेली."

"लेकीची ना ती?"

"लेक हॉलमध्ये पडेल, ब्रिस्बेनहून आली की. बापाच्या घोरण्याची सवय आहे तिला. उलट झोप लागेल!"

एल्स्पेथला हसू आलं ते तिने खिडकीबाहेर जाऊ दिलं नाही.

दुपारी गल्लीत शुश्रूषागृहाची गाडी येऊन थांबली. एल्स्पेथने टॅमला ओळखलंच नाही आधी. एवढा धिप्पाड माणूस, शाळेची बस चालवायचा, गॅविन त्याच्याच बसमधून जायचा. चाकांच्या खुर्चीत आता निम्मा राहिला होता. नायरीने गल्लीच्या टोकापासून फळ्या टाकून ठेवल्या होत्या. तिने खुर्ची ढकलत आणली आणि भिंतींच्या जागी जमिनीलगत ताणलेल्या दोरीशी येऊन ती वळली.

"तिकडून नाही, टॅम. दार इकडे आहे."

दार म्हणजे दोन खुंट्या, मध्ये दोरी नाही एवढंच. खुर्ची आत गेली, कुठेही न अडखळता. टॅमने डावा हात चाकावर ठेवला. नायरीने आपले हात काढून घेतले. मग तो स्वतःच, तिरका तिरका जात, स्वयंपाकघर ओलांडून समुद्राच्या बाजूच्या दोरीपर्यंत गेला आणि थांबला.

"घर," तो म्हणाला. वारा खालून वर येत होता, शब्द खिडकीत ऐकू आला.

नायरी पुन्हा शिडीवर चढली. छपराची दोरी तिने जाईल तितकी खाली घेतली. याच्या खाली माणसाच्या डोक्याला छप्पर लागलं असतं. गाठ मारून ती वळली.

"एल्स्पेथबाई! बसा आणि बघा. दिसतो का दांडा?"

एल्स्पेथ बसली. पाठ टेकली. दोरीच्या वर लांबचा समुद्र आला होता, थोडा. दांडा दोरीच्या खालीच होता. त्याच्याही खाली, दोऱ्यांच्या घरात, टॅमचं पांढरं डोकं दिसत होतं. तो दांड्याकडेच बघत होता.

"दिसतो," ती म्हणाली.

"बसून?"

"बसूनच! बहिरी आहेस का?"

नायरी शिडीवर तशीच उभी राहिली, खिडकीकडे बघत. मग सावकाश उतरली.

संध्याकाळी ती कागद घेऊन आली. एल्स्पेथने चष्मा शोधला, नकाशाच्या कोपऱ्यात सही केली आणि कागद पुढे सरकवला. नायरीने तो गुंडाळला. तिची नजर एकदा खुर्चीकडे गेली. ती काहीतरी म्हणणार होती.

"आणि तो मातीवरचा गालिचा," एल्स्पेथ घाईने म्हणाली, "घर झालं की लगेच हलव. माझ्या खिडकीतून उकिरडा दिसतो नुसता."

"हलवते," नायरी म्हणाली.

मंजुरी आली. जेसीबी आला, पट्टी आणखी सपाट झाली, पायाचे चर निघाले. एल्स्पेथने खिडकीच्या खालच्या काचेवर भांडी पुसायचं फडकं लावलं, चार टाचण्यांनी, दोरी जिथे होती त्या उंचीपर्यंत. गॅविनने विचारलं तेव्हा म्हणाली, ऊन येतं डोळ्यांवर. गॅविनने ढगाळ आभाळाकडे बघितलं.

एके दिवशी गॅविन निघाला तेव्हा समुद्र शांत होता. दुपारी वारा फिरला. एल्स्पेथ खुर्चीत बसून मटार सोलत होती. दांड्यावर लाट फुटल्याचा आवाज येत होता, आधीपेक्षा जड. फडकं हाताच्या अंतरावर होतं. नुसतं वर करायचं. पण आज वर केलं तर उद्याही करावंसं वाटणार, आणि घर उभं राहिल्यावर काय वर करणार होती? तिने हात मटारात ठेवले. शेंगा संपल्या तरी तिची बोटं सालींमध्ये फिरत राहिली. खाली काम करणारी माणसं वाऱ्याला कंटाळून निघून गेली होती. जेसीबी बंद होता.

"एल्स्पेथबाई!"

आवाज खालून आला, वाऱ्यावर ओढलेला.

"एल्स्पेथबाई, आला हो गॅविन! ओलांडला दांडा!"

एल्स्पेथने डोळे मिटले. मांडीवरचं भांडं कलंडून मटार फरशीवर घरंगळले, ते तिने घरंगळू दिले. मग तिने खिडकीची वरची झडप ढकलली आणि बसल्या जागेवरून, फडक्याकडे तोंड करून, खणखणीत ओरडली,

"माहीत आहे मला! दिसतंय की इथून!"

खाली क्षणभर नुसता वारा होता.

"हो ना," नायरीचा आवाज आला. "तरी आपलं सांगितलं."