ओलशोष्याच्या पोटातला दाणा

मी एक जुना डीह्युमिडिफायर आहे. घाबरू नका मित्रांनो, माझ्या मालकाची जीभसुद्धा या नावाला अडखळते. म्हणून भरत मला सरळ ‘ओलशोष्या’ म्हणतो. बंद खोलीतली दमट हवा मी ओढून घेतो, पोटातल्या गार नळ्यांवर तिचं पाणी करतो आणि कोरडी हवा परत सोडतो. पाणी खालच्या टाकीत साठतं. टाकी भरली की आतला तरंगता फ्लोट वर उचलला जातो, लाल दिवा लागतो आणि मी थांबतो. मला बोलता येत नाही. जे काही सांगायचं ते त्या एका दिव्याने.

माझी उमेदीची वर्षं बिरवाडीच्या एका कारखान्यात, पावडरीच्या गोदामात गेली. दर आठवड्याला माझी जाळी धुतली जाई. मग नवं यंत्र आलं आणि मी मोडक्या खुर्च्यांच्या मागे जाऊन पडलो. कामापुरता मामा, दुसरं काय! भरतने मला भंगारातून उचललं, पंखा बदलला, नळ्या साफ केल्या. तेव्हापासून महाड असो की पोलादपूर, जिथे भिंती ओल्या तिथे मी.

गेल्या पावसाळ्यात सावित्रीचं पाणी नदीकाठच्या एका शाळेत शिरलं. कपाटातली जुनी रजिस्टरं भिजून त्यांची पानं एकमेकांना चिकटली. ओली पानं ओढली तर फाटतात आणि तशीच ठेवली तर बुरशी खाते. शाळेच्या क्लार्क आम्रपाली यांनी रजिस्टरं बाकांवर मांडली. भरतने मला मधोमध ठेवलं, खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली आणि बजावलं, “खिडकी उघडायची नाय. याला कोंडलेलीच खोली लागते.” माझ्या नशिबी कायमची कोठडीच, मित्रांनो.

शाळेच्या शिपाई चंद्राबाई दुपारी एकट्याच आत आल्या. त्यांची नात रूपाली हिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, पण महिनाअखेरीच्या आत जातीचा दाखला हवा होता. त्यासाठी लागणारी पणजोबांची, म्हणजे चंद्राबाईंच्या सासऱ्यांची, नोंद याच रजिस्टरांपैकी सर्वांत जुन्या रजिस्टरात होती. चंद्राबाईंनी मला हळदकुंकू लावलं, माझ्या डोक्यावर कुंकवाच्या अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. “माज्या सासऱ्यांचा नाव तेवढा सुकव रे बाबा.”

इतक्या वर्षांत माझ्यापुढे कुणी हात जोडले नव्हते. मला भरून आलं. मी जोर लावून चालू लागलो आणि तिथेच घात झाला. चालताना मी थरथरतो. अक्षतेचा एक दाणा घरंगळत टाकीच्या फटीत गेला, पाण्यात फुगला आणि फ्लोटखाली पाचरीसारखा अडकला. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दिवा लागला.

आम्रपालींनी टाकी रिकामी केली. दिवा तसाच. पुन्हा काढली, पुन्हा लावली. माझं पोट रिकामं होतं आणि दिवा मात्र भरलं, भरलं म्हणून सांगत होता. कुठे अडलंय ते मला ठाऊक होतं, पण सांगू कसं? भरत महाडच्या बाजारात पुराच्या कामात अडकलेला, फोन लागेना. चंद्राबाईंना माझी कणव आली. “जीव घुसमाटला त्याचा, वारा लागू दे,” म्हणत त्यांनी खिडक्या उघडल्या. बाहेरचा दमट वारा खोलीभर झाला. तीन दिवस मी रजिस्टरांवर बुरशीचे ठिपके वाढताना पाहत उभा होतो. एवढा असहाय मी भंगारातही नव्हतो.

चौथ्या दिवशी भरत आला. त्याने टाकी काढून आत बोट फिरवलं आणि लालसर फुगीर दाणा तळहातावर घेतला. चंद्राबाईंचा चेहरा उतरला.

“माजीच अक्षत ती,” त्या पुटपुटल्या. भरतने दाणा खिशात टाकला आणि खिडक्या लावून घेतल्या.

पुढे पाच दिवस मी थांबलो नाही. सर्वांत जुन्या रजिस्टराची पानं सुटू लागली. आम्रपालींनी बोट ठेवून वाचलं, “कोंडाजी. जात कुणबी.” चंद्राबाई पदर तोंडाला लावून रडल्या.

त्यापुढची सात पानं मात्र सुटली नाहीत. त्यांचा काळा लगदा झाला होता.

“ही कोनाची नावा व्हती गो?” चंद्राबाईंनी विचारलं.

“आता कोण सांगणार, मावशी?”

मित्रांनो, माझ्या पाया पडू नका. माझ्या डोक्यावर फूलही ठेवू नका. जाळी धुवा, टाकीत बोट फिरवा आणि दिवा लागला तर तो का लागला ते शोधा. एवढी माया मला पुरे. त्या सात पानांवरच्या माणसांची नातवंडं कधीतरी दाखल्यासाठी शाळेत येतील. मी तेव्हा दुसऱ्याच कुठल्या तरी बंद खोलीत असेन. त्यांना रजिस्टर काढून द्यायला चंद्राबाईच उठतील.