खोडलेला ठिपका

ऑफिसात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती. काम तसंच होतं. अंतराळातली दुर्बीण दर सहा महिन्यांनी सगळं आकाश एकदा चाळून काढायची, क्ष-किरण जिथून येतात तिथे ठिपका उमटायचा, आणि त्यातले खोटे ठिपके ही डोळ्यांत तेल घालून खोडायची. तारा फार तेजस्वी असला की त्याचा साधा उजेडच कॅमेऱ्यात शिरतो आणि क्ष-किरण म्हणून मिरवतो. असे तोतये तिने नऊ वर्षांत हजारोंनी खोडले होते.

हे शिकवलं वडिलांनी. त्यांची हयात एकाच गोष्टीची वाट बघण्यात गेली. निपचित दीर्घिकेतलं कृष्णविवर एखादा तारा गिळतं तेव्हा काही आठवडे क्ष-किरणांचा भडका उडतो, तो त्यांना बघायचा होता. अशा चाळीस दीर्घिकांची यादी त्यांनी करून ठेवली होती. एकीनेही दाद दिली नाही. ती यादी हिच्या टेबलाच्या काचेखाली होती. रोज संध्याकाळी ते विचारत, "आज काही?"

गुरुवारी दुपारी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण खुर्ची ओढून जवळ आली.

"दोन वर्षांपूर्वी हा तू खोडलायस. ताऱ्याशेजारचा म्हणून."

"मग?"

"पुढच्या फेरीत तारा तिथेच आहे गं. ठिपका नाही."

ताऱ्याचा उजेड असता, तर दर फेरीला उमटला असता. म्हणजे ठिपका खरा होता. तिने काचेखाली पाहिलं. ठिपक्याची जागा म्हणजे यादीतली सतरावी दीर्घिका.

"आता काही करता येईल?"

"आता काय करणार? भडका केव्हाच विझला. आपली दुर्बीणही बंद पडली. तेव्हाच कळवलं असतं तर दुसऱ्या कुणी पाहिलं असतं."

बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

तारीख तिला पाठ होती. हॉस्पिटलात भेटायची वेळ पाचला संपायची, म्हणून तिने तासाभरात दोनशे ठिपके उरकले होते. वडिलांनी मास्क बाजूला करून विचारलं होतं, "आज काही?"

"नाही, बाबा. एक वाटला होता, पण ताऱ्याशेजारी होता. खोडला."

"बरं केलंस. शंका आली की खोडायचं."

चार दिवसांनी ते गेले. जन्मात ती त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती, आणि नकळत बोलली ते नेमकं हेच. चूक आता कागदावर सुधारता येत होती. त्यांना सांगता येत नव्हती.

मैत्रीण जागेवर गेली. जुन्या फेऱ्यांतला पुढचा ठिपका पडद्यावर आला, तोही ताऱ्याशेजारीच. तिने मागच्या-पुढच्या फेऱ्या पाहिल्या, काचेखालची यादी पाहिली, सगळं पुन्हा एकदा पाहिलं. तोतयाच होता. तिने तो खोडला आणि घड्याळाकडे पाहिलं. पाचला पाच कमी होते. आता तिला कुठेच पोहोचायची घाई नव्हती.