एक दशांश सेकंदाची मिशी

गॅरेजच्या शटरवर ठोक्याने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं: ‘गाडी एक दशांश सेकंद तरी लवकर पळाली नाही, तर मिशी उतरवीन.’ एक दशांश सेकंदात माणसाला धड शिंकताही येत नाही. पण चारशे मीटरच्या सरळ ड्रॅग पट्टीत, म्हणजे गाडी ते अंतर किती सेकंदांत कापते हे मोजणाऱ्या शर्यतीच्या रस्त्यात, ज्यांचा जीव अडकलेला असतो, ते लोक तेवढ्यासाठी महिनामहिना गाडी गॅरेजात सोडून बसने फिरतात. अशा चार गिऱ्हाइकांच्या गाड्या ठोक्याने आजवर पळवून दाखवल्या होत्या आणि मिशी शाबूत होती. मिशीही साधीसुधी नव्हती. दोन्ही टोकांना पीळ, आणि बॉनेट उघडण्याआधी तो एकदा द्यायचाच, हा त्याचा शिरस्ता.

पाचवं गिऱ्हाईक घरचंच निघालं. थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे भावोजी. पेशाने दातांचे डॉक्टर, स्वभावाने अगदी गरीब आणि एका जुन्या छोट्या गाडीवर बायकोच्या खालोखाल प्रेम करणारे. ‘खालोखाल’ हा शब्द बायको ऐकत असेल तेव्हाचा.

ती बायको, म्हणजे ताई, शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी आल्यावरही शिकवायची थांबत नसे. ठोक्या हे नाव तिनेच ठेवलेलं. सहा वर्षांचा असताना त्याने घरातलं घड्याळ हातोडीने ठोकून उघडलं होतं आणि ते पुन्हा कधी चाललं नाही. तेव्हापासून तिचं एकच पालुपद: “तुझ्या ठोकाठोकीने आजवर कशाला काही फरक पडलाय का रे?” ठोक्याला मिशीची काळजी होतीच, पण त्याहून जास्त त्याला एक गोष्ट हवी होती. ताईच्या तोंडून एकदा, आयुष्यात एकदाच, ‘पडला फरक’ हे ऐकायचं होतं.

म्हणून या वेळी त्याने सगळं काटेकोर केलं. काम सुरू करण्याआधी गाडी पट्टीवर नेली. गाडी भावोजींनीच चालवली, तीनदा. टायरमधली हवा मोजलेली, टाकीत पेट्रोल अर्धंच. तीन वेळांची सरासरी आली सतरा पूर्णांक बेचाळीस सेकंद. पट्टीच्या फाटकाशी वजनकाटा होता, त्यावर प्रत्येक गाडी चालकासकट तोलत आणि चिठ्ठी हातात देत. ती चिठ्ठीही त्याने वहीत चिकटवली. मग परवान्याच्या भानगडीत पट्टी आठ महिने बंद पडली, आणि ठोक्याने तेवढ्या वेळात सायलेन्सर बदलला, हवेची वाट मोकळी केली, इंजिनाची सेटिंग नव्याने बसवली. नवा सायलेन्सर जुन्याइतकाच जड आहे ना, हेसुद्धा त्याने तोलून पाहिलं. कोणी बोट ठेवायला जागा नको.

पट्टी उघडल्यावर पहिल्याच रविवारी भावोजींनी पुन्हा तीन फेऱ्या मारल्या, तेवढ्याच हवेवर आणि अर्ध्याच टाकीवर. सरासरी सतरा पूर्णांक एकवीस. म्हणजे कबूल केल्याच्या दुप्पट! ठोक्या वही नाचवत ताईपुढे गेला. ती घडीच्या खुर्चीत बसून मुलांचे पेपर तपासत होती.

“बोल आता, ताई. एकवीस शतांश!”

ताईने लाल पेनाला टोपण लावलं. “छान. आणि चालक?”

“चालक तोच. भावोजी.”

“तेच?” ताईने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. “आठ महिने मी यांना उकडलेल्या भाज्यांवर ठेवलंय. बावीस किलो उतरलेत. फ्रिजवर तक्ता लावलाय, दर रविवारची नोंद आहे. बावीस किलो कमी झाल्यावर गाडी लवकर पळणार नाही तर काय करेल? हे तुझं काम नाही ठोक्या, माझ्या भाज्यांचं आहे.”

ठोक्याने हवा मोजली, पेट्रोल मोजलं, सायलेन्सर तोलला, आणि रोज डोळ्यांसमोर वावरणारं भावोजींचं पोट तेवढं मोजायचं राहिलं! पँट सैल झाल्याचं त्याला दिसलं होतं, नाही असं नाही. पण मेकॅनिकची नजर पट्ट्यावर जाते ती इंजिनाच्या, माणसाच्या नाही.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” ताई उठली. “सातवीच्या पोरांना कळतं. गेलेलं वजन परत ठेवा आणि पुन्हा पळवा.”

रस्त्यावर तेल सांडलं तर टाकायला तिथे वाळू ठेवलेली असे. ताईने बावीस किलो वाळू पोत्यात भरून घेतली, स्वतः तोलली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवायला लावली. शेजारच्या सीटवर ठेवू म्हटलं तर म्हणाली, “वजन जिथून गेलं तिथेच यायला हवं.” भावोजींनी पोतं कवटाळलं, वरून कसाबसा पट्टा आवळला आणि तीन फेऱ्या मारल्या. खाली उतरले तेव्हा मांड्या चोळत होते आणि अवघडलेले दिसत होते. सरासरी आली सतरा पूर्णांक तेहेतीस.

म्हणजे फरक नऊ शतांश. कबूल केलेला दहा. एका शतांशाने ठोक्या बुडाला.

हिशेब तीनदा तपासून पाहावा म्हणून त्याने वही उघडली, आणि आजच्या वजनाची न पाहिलेली चिठ्ठी खिशातून काढून जुनीच्या शेजारी धरली. आठ महिन्यांपूर्वी, चालकासकट: नऊशे अठ्ठ्याण्णव. आज सकाळी, पोत्याशिवाय: नऊशे पंच्याऐंशी.

तेरा किलो. बावीस नाहीत, तेरा!

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काम संपत आलं असताना गाडीची सीट काढली तेव्हा तिच्याखाली क्रीमच्या बिस्किटांचे रिकामे पुडे निघाले होते, चांगले मूठ-दोन मुठी. तेव्हा त्याला वाटलं होतं, जुने असतील. त्याने मान वर केली. भावोजी ताईच्या मागे उभे राहून त्याच्याकडेच बघत होते. त्यांनी चिठ्ठ्या ओळखल्या होत्या. हात जोडण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी डोळेच जोडले होते म्हणा ना.

पोतं नऊ किलो जास्त होतं. एवढं एक वाक्य बोललं की मिशी वाचत होती, शटर वाचत होतं, ताईचं ‘पडला फरक’ही हातात येत होतं. पण त्यानंतर भावोजींचं घरात काय झालं असतं! आठ महिने फ्रिजवर लटकलेलं खोटं, तेही विज्ञानाच्या बाईंच्या फ्रिजवर. ठोक्याला त्या माणसाची मनापासून दया आली. ताईच्या लग्नात याच भावोजींनी त्याला पहिला पाना-संच भेट दिला होता, आणि मेव्हणा गॅरेज काढतोय म्हटल्यावर सगळं घर हसलं तेव्हा एकटे तेच हसले नव्हते.

त्याने दोन्ही चिठ्ठ्या खिशात घातल्या. “बरोबर आहे ताई. एका शतांशाने कमी पडलो.”

“बरोबर?” ताई म्हणाली.

“हो. चूक माझी.”

त्याच दुपारी तो न्हाव्याकडे गेला. न्हाव्याने तीनदा विचारून खात्री केली, मगच वस्तरा लावला. आठवडाभर गॅरेजात येणारे लोक त्याला म्हणत, “जरा मालकांना बोलवा हो.” एकाने तर, “मोठे भाऊ दिसत नाहीत बरेच दिवस,” अशी चौकशीही केली. बॉनेट उघडताना हात ओठावर जायचा आणि चोरट्यासारखा खाली यायचा. शनिवारी त्याने शटरवरचं वाक्य पुसायला रंगाचा डबा आणून ठेवला.

रविवारी सकाळी तो डबा उघडत असतानाच दारात गाडी थांबली. चालकाच्या सीटवरून ताई उतरली. मागच्या सीटवर भावोजी मांडीवर पोतं घेऊन मान खाली घालून बसले होते.

“ठेव तो ब्रश,” ताई म्हणाली. “लहानपणापासून तू एकदा तरी न भांडता हरलायस? पत्त्यांत हरलास तर पत्ते फाडायचास. आणि गेल्या रविवारी म्हणे ‘चूक माझी’! मला तिथेच वास आला. घरी जाऊन वजनकाटा बाथरूममधून उचलला आणि हॉलच्या मधोमध ठेवला. यांना म्हटलं, दोन्ही हात वर करून उभे राहा.”

“बेसिनवर एक बोट टेकायचो,” भावोजी आतून पुटपुटले. “बोटच फक्त.”

“नऊ किलोंचं बोट!” ताई कडाडली. मग ठोक्याच्या चेहऱ्याकडे तिची नजर गेली आणि तिचा आवाज एकदम उतरला. “तुला माहीत होतं ना रे?”

ठोक्याने खिशातल्या चिठ्ठ्या काढून दिल्या.

ताईने त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. “पोतं तेराचं करून आणलंय. चल पट्टीवर.”

तीन फेऱ्या झाल्या. या वेळी वही ताईने हातात घेतली आणि वजाबाकी स्वतः, लाल पेनाने केली. सतरा पूर्णांक बेचाळीस वजा सतरा पूर्णांक अठ्ठावीस. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, पोरांच्या वहीत ओढते तशा.

“चौदा शतांश,” ती म्हणाली. तिने वही मिटली आणि भावाच्या हातात दिली. “पडला फरक, ठोक्या. चुकीच्या प्रयोगाने तुझी मिशी गेली, ती चूक माझी.”

ठोक्याचा हात सवयीने आपोआप वर गेला, पीळ द्यायला, आणि कोऱ्या ओठावर नुसताच चाचपडत राहिला. ते पाहून ताई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.