थंड पडलेला डबा

जुना आहे मी, मित्रांनो. अंगावरचा निळा रंग कधीच उडाला, झाकणाच्या कडा पान्यांनी खाल्ल्या आणि एका बाजूला चांगला खोल पोचा आहे. ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझं नाव ठेवलं बायपास फिल्टर. ट्रकवाल्यांनी एवढं लांबलचक नाव कधी घेतलं नाही. ते मला डबा म्हणतात. मीही तेच म्हणतो.

तुम्ही रस्त्यावर ट्रक बघता. त्याची चाकं मोजता, हॉर्नची नक्कल करता. त्याच्या इंजिनात तेल फिरत असतं, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? डिझेलबद्दल नाही बोलत मी. डिझेल जळतं आणि संपतं. तेल फिरत राहतं. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे पातळ थर होऊन उभं राहतं आणि दोन्हीकडचा मार खातं. फिरता फिरता त्यात डिझेलची काजळी मिसळते, लोखंडाचा बारीक कीस मिसळतो. इंजिनाला स्वतःचा एक मोठा फिल्टर असतोच, पण त्याला फार घाई. सगळं तेल त्याच्यातून धावत जातं, म्हणून त्याची चाळण मोठी ठेवावी लागते. तो खडे अडवतो आणि पीठ सोडून देतो.

ते पीठ माझ्या वाट्याचं. बाजूच्या एका नळीनं थोडंसंच तेल माझ्याकडे येतं, माझ्या पोटातल्या घट्ट दाबलेल्या कापसातून झिरपतं आणि स्वच्छ होऊन दुसऱ्या नळीनं परत जातं. सावकाश चालतं माझं काम. ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. म्हणून तर मला बोलावं लागतंय.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. साच्यातून निघाल्यावर मला हौदात बुडवलं आणि आत हवा भरली. हौदाशी बसलेली बाई डोळे बारीक करून बुडबुडे शोधत होती. एकही आला नाही. तिनं माझ्या पाठीवर ओली थाप मारली आणि म्हणाली, "जा बाबा, तू टिकशील." माझं पहिलं कौतुक ते.

मला विकत घेतलं एका ड्रायव्हरनं. उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्या हाकून शेवटी त्यानं धाकट्या भावाला भागीत घेतलं होतं आणि स्वतःची गाडी केली होती. मिस्त्रीनं मला केबिनच्या मागे, चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, लोखंडी पट्टीवर बसवलं. इतर ड्रायव्हर खिदळले. "काय रे, बायकोनं डबा बाहेरच बांधून दिला का? आज भाजी कसली?" तो माझ्या नळ्या घट्ट बसल्यात का ते बघत राहिला. तो मुळातच कमी बोलायचा. या माणसाचा तो गुण होता आणि तोच त्याचा रोगही होता. माझं म्हणणं तुम्हाला पुढे पटेल.

गाडी कुठेही थांबली की तो इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि आधी माझ्यावर तळहात ठेवायचा. चटका बसला की हात झटकायचा आणि मगच चहाकडे वळायचा. कारण साधं होतं. इंजिनाचं तेल उकळत्या पाण्याइतकं तापलेलं असतं. ते माझ्यातून वाहत असेल तर मीही तापतो. ज्या दिवशी मी नुसता कोमट लागायचो, त्या दिवशी तो समजायचा की माझं पोट भरलं, कापूस तुंबला, तेलाची वाट बंद होत आली. मग गाडी थेट मिस्त्रीच्या आवारात. जुना कापूस बाहेर, नवा आत. माझ्या भरवशावर तो इंजिनाचं तेलही इतरांच्या मानानं फार उशिरा बदलायचा. मी जागा होतो तोवर त्यात काही चूक नव्हती.

अशी कित्येक वर्षं गेली. शेजारच्या गाड्यांची इंजिनं उघडली, भरली, पुन्हा उघडली. आमचं इंजिन बोललं नाही की कण्हलं नाही.

मग त्याची कंबर गेली. खाली उतरणंसुद्धा जमेना. गाडी त्यानं लेकीच्या हातात दिली. सगळे तिला बारकी म्हणायचे, जरी ती बापापेक्षा हातभर उंच होती. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून ती विटली होती. कंबर पार जाण्याआधीचे काही महिने ती बापाच्या शेजारी बसून शिकली होती. काकानं, म्हणजे भागीदार भावानं, तोंड वाकडं केलं. "ट्रक काय स्कूटर आहे? एक खोट आली की गाडी विकायची, आत्ताच सांगून ठेवतो." बापानं मान डोलावली. बारकीनं ऐकलं आणि किल्ली खिशात टाकली.

पोरगी गाडी छान चालवायची. खोटं कशाला बोलू? वळणावर घाई नाही, चढावर रेटारेटी नाही, काचा बापापेक्षा स्वच्छ. आणि गाडी थांबली की ती खाली उतरून माझ्यावर तळहात ठेवायची. अगदी बापासारखा. पहिल्या दिवसांत चटका बसायचा. "काय हा ताप!" म्हणून ती हात झटकायची आणि बोटांवर फुंकर मारायची.

मित्रांनो, मग माझं पोट भरत आलं. चटका गेला, ऊब राहिली. ऊब गेली, मी कोमट झालो. कोमटाचा गार झालो. मी तिच्या तळहाताखाली जीव तोडून गार होतो. याहून मोठ्यानं मला ओरडता येत नाही! आणि त्या पोरीचा चेहरा खुलला. तिच्या डोक्यात सरळ हिशेब होता: इंजिनाचं काहीही तापलं की ते वाईट. रेडिएटर तापला वाईट, ब्रेक तापले वाईट. मग डबा थंड, म्हणजे गाडी सुखात. ती मला थोपटायची. "शहाणं माझं ते!" म्हणायची. फडक्यानं पुसायची.

मी मेल्यानंतर माझं जितकं कौतुक झालं, तितकं जिवंतपणी कधी झालं नव्हतं. मला आजही त्याचा संताप येतो.

तिनं घरी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बापानं त्याच दिवशी गाडी थांबवली असती. पण तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या हातात डबा तापायचा, आपल्या हातात थंड राहतो, हे कानावर गेलं तर त्याला लागेल. मायेनं गप्प राहिली. आणि तेल बदलायची बापाची ठरलेली वेळ अजून लांब होती. इंजिनातलं तेल काजळीनं घट्ट होत गेलं, आणि मी दाराबाहेर उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा नुसता लटकत राहिलो.

एका सकाळी माल उतरवून परत येताना इंजिनाच्या पोटातून ठोका यायला लागला. टक, टक, टक. बारकीनं गाडी जेमतेम मिस्त्रीच्या आवारात आणली. निरोप गेला. बाप काठी टेकत रिक्षातून आला आणि स्टुलावर बसला. काका त्याच्या आधीच हजर होता.

मिस्त्रीनं इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला टेकवलं, मुठीला कान लावला, आणि मग इंजिन बंद करायला सांगितलं. "खालून ठोका येतोय. बेअरिंगा बोलायला लागल्यात."

"झालं!" काका म्हणाला. "दादा, आता तरी ऐक. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. इंजिन उघडलं तर गाडी भंगारात गेली म्हणून समज. आहे तशी देऊन टाकू."

"आहे तशी म्हणजे? ठोका सांगून, की झाकून?" बारकीनं विचारलं.

"तू मधे पडू नकोस. दामटून दामटून बसवलीस गाडी."

"मी दामटली नाही, काका. कोणालाही विचारा."

"मग काय, इंजिनाला आपोआप रडू फुटलं?"

"अहो, मी गाडी तापूच दिली नाही! मिस्त्री, तुम्ही हात लावून बघा. हा डबासुद्धा थंड असतो. बाबांच्या हातात तापायचा. माझ्या हातात कधीपासून गार आहे!"

फडक्याला हात पुसणारा मिस्त्री जागच्या जागी थांबला.

बाप उठला. काठी टेकत माझ्यापाशी आला आणि तळहात ठेवला. बाजूला इंजिनाचं लोखंड अजून कडकड करत निवत होतं. मी दगडासारखा गार. पूर्वी तो क्षणात हात झटकायचा. त्या दिवशी हात तसाच राहिला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"नवीन गोदामाच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हापासून."

"बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मिस्त्रीनं झाकण उघडलं. आतला कापूस बाहेर येईना, खरवडून काढावा लागला. डांबराचा गोळाच होता. "थंड म्हणजे बंद, ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "यात तेल शिरतच नव्हतं."

बारकीचा चेहरा उतरला. काकानं टाळी वाजवली. "म्हणजे रोज हात लावत होती आणि काडीचं कळत नव्हतं! आणखी काय पुरावा हवाय?" त्यानं खिशातून फोन काढला.

"चुकलं माझं," बारकी म्हणाली आणि किल्ली काढून मिस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

बाप गप्प. मित्रांनो, मला तोंड असतं तर तिथल्या तिथे ओरडलो असतो. बोल ना, म्हाताऱ्या! तुला सगळं माहीत आहे. धाकट्या भावासमोर मान खाली जाईल म्हणून लेकीचा बळी देतोस? काका फोनवर "हां, नमस्कार" म्हणेपर्यंत हा माणूस काठीकडे बघत उभा होता. ते मी विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.

"फोन ठेव," तो अखेर म्हणाला.

"काय?"

"ठेव म्हटलं ना. गाडी हिनं नाही बसवली. मी बसवली."

"तू? तू तर खाटेवर आहेस!"

"खाटेवरूनच बसवली. पोरीला सगळं शिकवलं म्हणून चारचौघांत मिरवत होतो. हात लावायला शिकवलं. कशासाठी लावायचा, ते सांगितलंच नाही."

"मी विचारलं होतं, बाबा," बारकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त बोचला. "पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, असंच करायचं असतं."

"मलाही कोणी सांगितलं नव्हतं. चटके खाऊन शिकलो. वाटलं, तूही शिकशील."

"आणि इंजिन?"

त्यानं टेबलावरची किल्ली उचलली आणि तिच्यापुढे धरली. तिनं लगेच घेतली नाही. "आधी सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा. तुम्हाला क्षुल्लक वाटतं तेसुद्धा."

"बसा दोघं बापलेक लोखंड चाटत!" असं म्हणून काका तणतणत निघून गेला. तो आजही नीट बोलत नाही.

इंजिन उघडलं. ज्या बेअरिंगांत इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो, त्यांचा पांढरा थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. मुख्य दांड्यावर ओरखडे होते, पण तो घासून वाचवता आला. गाडी विकली नाही. गाडी बारकीच चालवते. ज्या दिवसांत इंजिन जुळत होतं त्या दिवसांत बाप रोज स्टुलावर बसून तिला एकेक भाग दाखवत होता, आणि ती प्रश्नावर प्रश्न टाकत होती.

"किती विचारशील?" तो वैतागायचा.

"संपेपर्यंत."

आता माझा कापूस वेळेवर बदलतो. पण हे इंजिन पूर्वीचं राहिलं नाही. थोडं तेल पितं, चढावर धापा टाकतं. माझ्यासारख्याची काळजी घ्या, असं सांगून मी थांबू शकतो, आणि ते सांगतोच आहे. पण तेवढ्यानं भागत नाही. त्या पोरीनं काळजी घेतलीच होती, मला पुसलंही होतं.

म्हणून मित्रांनो, कोणी तुम्हाला एखादं काम दाखवून "असंच करायचं असतं" म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. का करायचं, ते विचारा. तो बाप असो, मास्तर असो की मालक असो. तो चिडेल. चिडू दे. चिडलेला माणूस थोड्या वेळानं शांत होतो. झिजलेलं लोखंड पुन्हा भरून येत नाही.