चुलींचं वऱ्हाड

पिंपळडोहच्या माळावर कारखान्याने मुरूम दाबून एक पट्टी केली आणि सगळं गाव तिला विमानतळ म्हणू लागलं. तिथं खोली नव्हती, कुंपण नव्हतं. पाण्याचा हौद, औषध कालवायची पिंपं आणि वारा कळावा म्हणून काठीला लावलेला एक कापडी मोजा, एवढाच थाट. तो मोजाही पहिल्या वावटळीत जो गेला तो गेलाच. पण शेजारच्या गावांना तेवढंही नव्हतं, त्यामुळे पिंपळडोहकर बाजारात मान जरा ताठ करूनच चालत.

एकाहत्तर सालच्या कार्तिकात उसावर पाकोळी ही रस शोषणारी कीड पडली. पानं चिकट झाली, मग काळी पडली. सगळ्यात आधी हे कळलं बनुबाईला, कारण तिच्या गुऱ्हाळात गूळ जमेना. काहिलीतला पाक गार करायच्या वाफ्यात ओतावा तर ढेप धरायच्या ऐवजी तो नुसता लोळत राही. नवरा गेल्यावर सात गावांत नाव राखलेली बाई ती. गूळ बसला नाही की तिचा जीवही बसत नसे.

म्हणून फवारणीचं विमान येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. कारखान्याचा शेतकी मदतनीस रंगनाथ आदल्या दिवशी सांगून गेला होता, "मोजा गेलाय. पट्टीच्या टोकाला थोडा धूर करा, म्हंजी पायलटला वारा कळंल."

आता पाहुण्याला थोडं वाढायची रीत पिंपळडोहात नाही. बनुबाईने गाडीभर ओली चिपाडं दिली. तिने दिली म्हणून बाकीच्यांनी पाचट आणलं, गोवऱ्या आणल्या, कुणी तर हौसेने गुग्गुळही टाकला. एका टोकाला सांगितलेला धूर पट्टीच्या चारी बाजूंनी उठला. त्यात विमान बघायला निघालेल्या बैलगाड्यांचा फुफाटा. विमान आलं, वर घरघरलं, दोन घिरट्या घातल्या आणि पट्टीच दिसेना म्हणून आल्या वाटेने परत गेलं. गाव खाली हात हलवत उभंच!

दुपारी रंगनाथ फटफटीवर आला तो कपाळाला हात लावूनच.

"काकी, गळाच दाबला की तुमी इमानाचा!"

"मोठ्या मनानं केलं बाबा. चुकलं आमचं," बनुबाई म्हणाली. "उद्या येक काडी पेटनार न्हाई तिथं."

"तेवढ्यानं भागत न्हाई." रंगनाथ खाली बसला. "औषध फवारायचं तर वारा पडलेला लागतो, म्हंजी पहाटंच. अन् पहाटं गावातल्या चुलींचा अन् तुमच्या गुऱ्हाळाचा धूर उतारानं येऊन पट्टीवरच बसतो. ऊन चढल्याबिगर उठत न्हाई. ऊन चढलं की वारा सुटतो, मग फवारनी हुत न्हाई. उद्या शेवटची फेरी हाय. उद्या बी धूर दिसला तर इमान पुढच्या कारखान्याकडं जाईल."

म्हणजे एका सकाळपुरतं सगळ्या गावाने धुरावाचून राहायचं. ऐकायला सोपं, पण ज्या घरात मयत होते त्याच घरात चूल पेटत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. अख्ख्या गावाने चुली विझवायच्या म्हणजे अख्ख्या गावाने सुतक पाळायचं!

बनुबाईने आधी स्वतःपासून सुरुवात केली. तिचं चुलवाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, दसऱ्याला देवळातल्या दिव्यावर पेटायचं आणि होळीपर्यंत विझत नसे. गावात कुणाची काडेपेटी सादळली तर बाया खापर घेऊन तिच्याकडेच इस्तू, म्हणजे पेटते निखारे, मागायला येत. तिने आजवर कुणाकडे मागितला नव्हता, आणि त्याचा तिला गर्व होता, खोटं कशाला बोला? तरी ती गुळव्या भिमाजीला म्हणाली, "हातातली काहील उतरली की नवीन चढवू नगं. जाळ बंद."

भिमाजी बघतच राहिला. "मालकीनबाई, मालक असते तर..."

"मालक असते तर त्यांनीच इझवलं असतं. बघत काय ऱ्हायलास?"

मग ती गावात फिरली. ज्यांच्या उसावर पाकोळी होती ते लगेच हो म्हणाले, ज्यांचा ऊस नव्हता ते तिच्या तोंडाकडे बघून हो म्हणाले. अडलं ते छबूबाईच्या दारात. छबूबाईचा एकुलता एक मुलगा गहिनीनाथ फौजेत होता. लढाई कधी तोंड वर काढील याचा नेम नव्हता, आणि महिना झाला त्याचं पत्र नव्हतं.

"बनू, तुझा गूळ बसंना म्हणून मी माजी चूल इझवू?" छबूबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "पोरगं सरहद्दीवर हाय माजं. त्याच्या नावानं रोज रातच्याला निखारा राखंत घालून ठिवते अन् पहाटं फुकून पेटवते. उद्या काय कमीजास्त झालं तर तू तोंड दाखवशील का मला?"

विमान गेलं तरी चालेल, पण या माउलीला विझव म्हणायचं नाही, असं ठरवून बनुबाई माघारी वळली. वळता वळता तिची नजर छबूबाईच्या परसातल्या आवळ्यावर गेली. कार्तिकच चालू होता. दरसाल या दिवसांत बाया आवळ्याखाली चुली मांडून जेवणं करतात, चुलीतला इस्तू मडक्यात घालून नेतात, आणि कुणाच्या मनात अपशकुनाची पाल चुकचुकत नाही.

ती तशीच फिरली. "छबूआक्का, चूल इझवू नगा. हलवा!"

"म्हंजी?"

"नदीकाठच्या आवळीखाली. पट्टीच्या पार खाली. तिथला धूर पान्यावरनं पुढं जातोय, माळावर चढत न्हाई. तुमचा निखारा तुमच्याच मडक्यात. सगळं गाव येईल. आवळीभोजनच समजा."

छबूबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. "माजं मडकं म्होरं ऱ्हाईल," ती म्हणाली.

"तुमीच म्होरं."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत पिंपळडोहातून एक अजब वऱ्हाड निघालं. पुढे छबूबाई, डोक्यावर राखेने झाकलेलं मडकं. मागे बाया, परड्या, तवे, काटवटी, झोपाळलेली पोरं. पुरुषांनी गाड्या घरीच ठेवल्या होत्या. जाता जाता बायांनी हौदातलं पाणी घेऊन विमानतळावर सडाही टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात कुणी यायचं म्हटल्यावर सडा टाकायचा असतो, इतकंच त्यांना ठाऊक.

नदीकाठी चुली लागल्या, भाकरी थापल्या गेल्या. धूर पाण्यावरून निमूट खाली सरकत गेला. वर माळ स्वच्छ धुतल्यासारखा दिसत होता.

आणि विमान आलं. या खेपेला त्याने घिरटी घातली नाही, सरळ उतरलं. चाकाखाली धूळ उठली नाही. पिंपातलं औषध भरून ते पुन्हा उठलं आणि उसाच्या शेंड्यांवरून पांढरा फवारा सोडत असं खालून गेलं की पोरं आवळीखाली आडवीच झाली. फेरीवर फेरी झाली. ऊन चढेपर्यंत शिवारातला एक वाफा फवारायचा राहिला नाही. रंगनाथ पट्टीवर उभा राहून दोन्ही हात नाचवत होता.

छबूबाई हातातली भाकरी तशीच धरून वर बघत होती. "माज्या गहिनीच्या डोक्यावरनं बी अशीच जात असत्याल न्हाई का गं?" ती म्हणाली. बनुबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

जेवणं झाली, वऱ्हाड घरी वळलं. गुऱ्हाळापाशी बनुबाई थांबली. चुलवाण गार पडलं होतं. भिमाजी काडेपेटी काढून उभा होता. तिने मानेनेच नको म्हटलं, कोपऱ्यातलं एक खापर उचललं आणि ती छबूबाईपुढे गेली. तिने जन्मात पहिल्यांदाच हात पुढे केला.

"आक्का, इस्तू द्या."

छबूबाईने मडक्यातले सगळ्यात लाल निखारे निवडून खापरात घातले. "जप हं," एवढंच ती म्हणाली.

पंधरवड्यात लढाई पेटली आणि पंधरवड्यात मिटलीही. माघात बनुबाईच्या गुऱ्हाळात ढेपा अशा बसल्या की फोडायला कुऱ्हाड लागावी. होळी झाली, ऊस संपला, काहिली पालथ्या पडल्या. पण चुलवाण काही विझलं नाही. बनुबाई रोज सकाळी त्यात दोन गोवऱ्या सारी. भिमाजीला वाटलं, मालकीणबाईंचं वय झालं.

वैशाखात एक दिवस माळाच्या वाटेने पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतलेला उंच जवान आला. गुऱ्हाळापाशी पाणी प्यायला थांबला आणि धुराड्याकडे बघून हसला. "काकी, भर उन्हाळ्यात गुऱ्हाळाला धूर कसला?"

बनुबाईने तांब्या त्याच्या हातात दिला. तो पाणी पिऊन होईपर्यंत त्याला डोळे भरून बघितलं. मग चिखलाचा गोळा उचलून तिने चुलवाणाचं तोंड लिंपायला घेतलं.

"तुझ्याच नावाचा हुता रे," ती म्हणाली. "जा आता घरी. आई चुलीपशी हाय."