वरची चिमूट

दोन हजार नऊ साली जुमेरा लेक टॉवर्समधल्या क्रेन इतक्या निवांत उभ्या होत्या की त्यांच्यावर कबुतरांची तिसरी पिढी नांदायला लागली होती. सुरेश ज्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता, तिच्याकडे तपासायला क्वालिटीच उरली नव्हती. बावन्न माणसांतली एकोणचाळीस घरी गेली. उरलेल्यांचं काय ते महिनाअखेरच्या रविवारी कळेल, असं एचआरच्या बाईने सांगून ठेवलं होतं. करामा भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये त्याची सातवीतली मुलगी शुभ्रा जेवताना रोज एकच विचारी, "बाबा, आर वी लीव्हिंग ऑर नॉट?"

अशात एक दिवस अरबाबाने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, सुरेशला केबिनमध्ये बोलावलं. अरबाबाला शिकारीचा नाद. दरवर्षी आफ्रिकेत जाऊन हरणं मारायचा. मंदीने त्याचे दोन टॉवर खाल्ले, पण नाद काही खाल्ला नाही. फक्त काडतुसं महाग झाली होती. एकाला बारा दिरहम, म्हणजे चक्क दीडशे रुपये! म्हणून त्याने काडतुसं भरायचं यंत्र मागवलं होतं. परवाना होताच, आणि चुलतभावाच्या शूटिंग क्लबात एक खोलीही मिळाली होती.

"हबीबी, रिकाम्या पुंगळ्या परत भरायच्या. बुडाला ठिणगीची नवी टोपी, मग बंदुकीची दारू, वर गोळी. खलास! चारशे करून दे. चांगली निघाली तर तू राहशील."

"सर, मी खिडक्यांची मापं तपासतो."

"वही तो! तू मापवाला. और लियाकत है ना, उसका बाप शिकारी था."

सुरेशने कपाळाला हात लावला. लियाकत म्हणजे स्टोअरकीपर, राजापूरकडचा, साठी उलटलेला. त्याच्या बापाने ठासणीच्या बंदुकीच्या एकाच बारात दोन डुकरं आणि फॉरेस्टचा एक साहेब पाडला होता, ही हकिकत कंपनीत सगळ्यांना पाठ होती. साहेब नुसता घाबरून पडला होता, हे लियाकत खोदून विचारलं तरच सांगे.

सुरेशने यंत्राबरोबरचं पुस्तक चार वेळा वाचलं. लियाकतने ते चहाच्या कपावर झाकण म्हणून ठेवलं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. पुंगळी साच्यात घालण्याआधी तिला लावायचं वंगण डबीत होतं. लियाकतने ती डबी हुंगली, तोंड वाकडं केलं आणि घरून आणलेलं खोबरेल लावलं. एसीत खोबरेल थिजलं. पुंगळी साच्यात अशी रुतली, की ती काढायला दोन दिवस आणि सुरेशची दोन नखं गेली.

"चाचा, पुस्तकात लिहिलंय ते करा ना!"

"पुस्तक अमेरिकेचं. त्यांना खोबरेल काय ठाऊक?"

मग सुरेशने कामाची वाटणी करून टाकली. दारू तोलायची ती त्याने, स्वतः, एकेका पुंगळीची वेगळी, तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून. तोललेली वाटी लियाकतकडे द्यायची. त्याने ती नरसाळ्यातून पुंगळीत ओतायची आणि वर गोळी बसवायची. एवढ्यात काय चुकणार? तरी लियाकतची मोजणी कानाला टोचायचीच. पहिल्या पुंगळीला तो 'एक' म्हणायचा नाही. "बरकत, दोन, तीन..."

"एक म्हणा हो!"

"गावात भात मापताना कोणी एक म्हणतो? तुमच्याकडे लाभ म्हणतात, आमच्याकडे बरकत. हिशोब तोच."

असं करत तीनशे साठ झाली. शुक्रवारी सकाळी अरबाब चाचणीला येणार होता. त्या दिवशी पहाटेच उरलेली चाळीस भरायला सुरेश बसला आणि दारूचा डबा उपडा केला, तर आत काही नाही. हिशोबाने चाळीस पुंगळ्यांची दारू शिल्लक हवी होती. त्याने वजनं तपासली, बरोबर. डबा तपासला, भोक नाही.

"चाचा, दारू सांडली का कुठे?"

"सांडेल कशी? वर चिमूट टाकली ती काय ती."

"कशाच्या वर?"

"अरे, तुझ्या वाटीच्या वर! माप शिगोशीग द्यावं. असं तोलून तोलून काठाशी आणून ठेवतोस, सोनाराच्या जातीचा! मालकाच्या कामात चिकटपणा बरा दिसतो?"

"चाचा, जास्त दारूने रायफल फुटते! गालाशी धरतात ती! किती काडतुसांत टाकलीत?"

"सगळ्यांत नाही. मनात येईल तसं."

कुठल्या काडतुसात चिमूट आणि कुठल्यात नाही, हे बाहेरून देवालाही कळलं नसतं. तेवढ्यात दार उघडून अरबाब आला. त्याने पेटीतून मूठभर काडतुसं उचलली आणि खूश होऊन ती खिशात टाकायला लागला.

बोललं तर रविवारी घरी पाठवायच्या माणसांच्या यादीत नाव. नाही बोललं तर अरबाबाचा गाल. सुरेशने मालकाचं मनगटच धरलं.

"सर, नका. यातल्या काहींत दारू जास्त पडलीय. कुठली ते माहीत नाही."

अरबाबाच्या भुवया वर गेल्या. "किसने किया?"

"मैंने," लियाकत पुढे झाला. "साब, कंजूसी नहीं की."

अरबाबाने खिशातली काडतुसंही काढून विंचू ठेवावेत तशी हळूच पेटीत ठेवली. "अब?"

"सगळी सोडवावी लागतील, सर," सुरेश म्हणाला. "एकेक. त्यासाठी हातोडीसारखं हत्यार असतं. त्यात काडतूस बसवून ठोकलं की गोळी निघते. दुसऱ्या कोणी हात लावू नये. काय चुकलंय ते आम्हालाच ठाऊक."

"कितने दिन?"

पुस्तकाप्रमाणे फार तर एक आठवडा. सुरेशने आयुष्यात खिडकीचा मिलिमीटरही वाढवून सांगितला नव्हता. त्याला शुभ्राचा ताटावरचा रोजचा प्रश्न आठवला.

"चार महिने, सर. नीट करायचं तर."

"चार!" अरबाब ओरडला. मग पेटीकडे पाहून गाल चोळला. "यल्ला, करो. ये खतम होने तक दोनों कहीं नहीं जाओगे."

रविवारी यादीत दोघांची नावं नव्हती. सोमवारी हत्यार आलं. सुरेश काडतुसांना नंबर घालत बसला, आणि मागून ठक, ठक, ठक सुरू झालं. आयुष्यात कधी घाई न केलेल्या लियाकतला या कामात अशी काही गती आली, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत साठ काडतुसं मोकळी!

सुरेशने धावत जाऊन त्याच्या हातातली हातोडी हिसकावली.

"चाचा, हात जोडतो! रोज तीन! तीनच!"