फाट्यावरचा दोर

गाठ सुटेना, तेव्हा धनुबाईला आधी आपल्या नखांचाच राग आला. ओल्या वाळूत उकिडवी बसून ती अंगठ्यानं दोर दाबत होती, मध्येच दातांनी ओढून पाहत होती. मागं बेटावरची झाडून सगळी घरं येऊन उभी होती. कोणी बोलत नव्हतं, आणि ते तिला बरंच वाटत होतं. बोलणं झालं की रडणं होतं, आणि रडायचीही तिला आता ताकद नव्हती.

तापीतल्या या बेटाच्या एका अंगाला नदीचं मोठं पात्र, दुसऱ्या अंगाला तिचाच अरुंद फाटा. पूर ओसरला की फाट्यावर आडवा दोर बांधायचा आणि तो ओढत ओढत नाव पैलतीराला न्यायची, ही इथली जुनी रीत. दोर कुणा एकाचा नव्हता. प्रत्येक घरानं आपल्या अंबाडीचा एकेक हिस्सा वळायचा आणि सगळे हिस्से गाठी मारून जोडायचे. बेट कायमचं सोडून जाणाऱ्यानं मात्र आपला हिस्सा आपल्या हातानं सोडायचा. तेवढी जागा मग राहणाऱ्यांनी भरून काढायची. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोर तोकडा करायचा, म्हणून जाणारेही पाय ओढतच जात.

धनुबाईनंही तीन वर्षं पाय ओढले होते. पण आता गुडघे वाळूत रुततात ते निघत नाहीत, घागर उचलली की डोळ्यांपुढं काजवे. मुलगा दोधू नंदुरबारला कापसाच्या जीनमध्ये कामाला होता. खोलीच्या दाराशी विहीर आहे, एवढं एकच त्यानं सांगितलं आणि ती विरघळली. आता तो नावेच्या काठावर बसला होता आणि पलीकडं त्याची भाड्याची बैलगाडी उभी होती.

गाठ एकदाची ढिली झाली. गाठीपुढचा आपला हिस्सा तिनं सवयीनं तळहातावर फिरवला आणि हात थांबला. धनुबाई डावखुरी. तिनं वळलेल्या दोराचा पीळ साऱ्या बेटाच्या उलट पडायचा. त्यावरून तिचा नवरा, साऱ्या बेटाचा दादा, मरेपर्यंत तिला चिडवत आला होता. हा पीळ सगळ्यांसारखा होता.

"हाऊ दोर मन्हा नही," ती म्हणाली.

सुपडू बेटावरचा वडीलधारा. तो घाईनं पुढं झाला.

"तुन्हाच शे, वहिनी. सोड लवकर. गाडी थांबेल शे."

"सुपडूभाऊ, माले पीळ समजस. कोन वळेल शे हाऊ?"

नाव चालवणारा फकीर पाण्याकडं बघत राहिला. शेवटी त्याची बायको खातून हळूच म्हणाली,

"मी, जिजी."

"कव्हयपासून?"

"तीन सालपासून. तू घर गयी का तुन्हा हिस्सा सोडीसन मन्हा बांधस."

तीन साल. धनुबाईनं वाळूवर हात टेकला. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, अंधार पडताना दोर भर फाट्यात तुटला होता. नाव गरकन फिरली. माणसं वाचली, पण सुपडूची गाभण शेळी वाहून गेली. ज्याचा हिस्सा तुटेल त्यानं अख्ख्या बेटाला जेवू घालायचं, हा इथला दंड. फकीरनं दोराची टोकं गोळा केली आणि सांगून टाकलं, मन्हा तुटना. फकीरच्या चुलीवरचं सगळ्यांना चालत नसे, म्हणून शिधा त्याचा आणि चूल सुपडूची, असं जमवून जेवण झालं. बेटावर असं जमवून घेत. त्या पंगतीत बसून धनुबाई खातूनला सगळ्यांदेखत बोलली होती: हातमा जीव नही तर दोर कसाले वळस? एवढ्यावरही ती थांबली नव्हती. पुढं दर वर्षी दोर बांधायच्या दिवशी ती खातूनचा हिस्सा ओढून बघायची, आणि खातून खाली मान घालून उभी राहायची.

"फकीरभाई, त्या दिन तुटना तो कोना व्हता?"

"आते कसाले काढस ते, जिजी? पानी वाही गये."

"कोना व्हता?"

फकीरनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"तुन्हा."

"दादा गयात ते साल व्हतं, जिजी," खातून म्हणाली. "तुले कसं सांगाव?"

धनुबाई भडकली. मेल्यांनो, मी काय कुकुलं बाळ होते? साऱ्या बेटानं मिळून तीन वर्षं आपल्याला झाकून ठेवलं आणि आपण मात्र तोऱ्यात फिरलो. ती तोंड उघडणार, तोच रागाखालून लाज वर आली आणि तिचे कान तापले.

दोधू नावेतून उतरून आला.

"माय, चाल ना. बरंच व्हयनं. सोडानं काम बी नही ऱ्हायनं."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. तिच्या जाण्यानं दोर वीतभरही कमी होणार नव्हता. उठायचं आणि नावेत बसायचं, बस. धनुबाई उठली. ढिली झालेली गाठ तिनं फकीरच्या हातात दिली.

"घट्ट बांध," ती म्हणाली. मग दोधूकडं वळली. "गाडीवालाले सांग, उद्या ये."

"उद्या कसाले?"

"आज माले बेटले जेवाडनं शे."

"वहिनी, ते जेवण कव्हयनं व्हयी गये," सुपडू म्हणाला.

"फकीरभाईनं व्हयनं. मन्हं नही व्हयनं."

दोधूनं कपाळावर हात मारला, पण आईचा आवाज तो ओळखून होता. तो नावेकडं गेला. धनुबाई तरातरा घराच्या वाटेला लागली आणि दहा पावलांवर उभी राहिली. घरात होतं काय? जायचं म्हणून तिनं पहाटेच डबे रिकामे केले होते. पीठ सुपडूच्या घरी, मीठ-मिरची शेजारी, सरपण फकीरच्या अंगणात. मडक्यात दाणा नव्हता. नवरी होऊन या वाळूत उतरल्यापासून तिनं कुणाकडं चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं, आणि हे ती साऱ्या बेटाला ऐकवत आली होती.

मग ती परत आली, नेमकी खातूनपुढं.

"पीठ दे," ती म्हणाली आणि पदर पसरला. "उसनं."

"किती देऊ, जिजी?"

"साराले पुरी इतलं."

खातून घरातून परात भरून घेऊन आली आणि पीठ पदरात ओतू लागली. ओझ्यानं पदराचं टोक धनुबाईच्या बोटांतून निसटत होतं. खातूनला ते दिसत होतं. या खेपेला मात्र तिनं हात लावला नाही.